टेलनेट लागतो, पॉलिसी उघडत नाही

सोमवारी सकाळी सपोर्टच्या ग्रुपवर मेसेज यायला लागले: "पॉलिसी उघडत नाही, नुसतं गोल फिरतंय." आमचं ठरलेलं उत्तर गेलं, ब्राउझर बंद करून परत उघडा. अर्ध्या तासात नाशिकच्या शाखेतून फोन आला. तिथल्या ताई जरा वैतागूनच म्हणाल्या, "अहो, ब्राउझरचं काही नाही. काही नंबर पटकन उघडतात, काही उघडतच नाहीत. न उघडणारे मी वहीत लिहून ठेवलेत. सांगू का?"

मी म्हटलं, सांगा.

काम एका विमा कंपनीचं. मूळ माहिती डेटाबेसात आणि त्याच्या पुढ्यात, माहिती पटकन मिळावी म्हणून ती मेमरीत ठेवणाऱ्या अपाची इग्नाइटचा तीन सर्व्हरचा क्लस्टर (एकत्र काम करणारा गट). वेबचे अ‍ॅप्लिकेशन सर्व्हर त्याला क्लायंट नोड (माहिती न साठवता फक्त मागणारे सदस्य) म्हणून जोडलेले, पण ते नेटवर्कच्या दुसऱ्या भागात, मध्ये फायरवॉल, म्हणजे ठरावीक वाटाच खुल्या ठेवणारा पहारा. शनिवारी रात्री तिन्ही मशीन एकामागून एक पॅच करून रीबूट झाली होती. रविवारी कोणाची तक्रार नव्हती, कारण रविवारी शाखाच बंद.

ऑपरेशन्सच्या सरांनी लॉगमधली टोपॉलॉजीची, म्हणजे क्लस्टरमध्ये कोण कोण आहे याची, ओळ दाखवली. सर्व्हर ३, क्लायंट सगळे हजर. "क्लस्टर ठणठणीत आहे, तुमचा कोड बघा." ही ओळ बघून माझंही समाधान होत असे. पण ती येते डिस्कव्हरीतून, म्हणजे नोड एकमेकांना शोधतात त्या यंत्रणेतून. क्लायंट डिस्कव्हरीसाठी कुठल्याही एकाच सर्व्हरला ४७५०० पोर्टवर (मशीनच्या त्या क्रमांकाच्या दारावर) जाऊन चिकटतो. बाकीच्यांची खबर सर्व्हरच्या रिंगमधून फिरत त्याच्यापर्यंत येते. प्रत्यक्ष माहिती मागायची वेळ आली की मात्र तो ज्या सर्व्हरकडे ती की (नोंदीची ओळख, इथे पॉलिसी नंबर) आहे त्याच्याशी थेट दुसरं कनेक्शन उघडतो, ते कम्युनिकेशनच्या पोर्टवर, मुळात ४७१००. हजेरी लागली म्हणून पोरगं वर्गात बसलंय असं नसतं.

ताईंची यादी इथे कामाला आली. कुठली की कुठल्या नोडवर, हे इग्नाइट नशिबावर सोडत नाही. की वरून पार्टिशन (माहितीचा कप्पा) ठरतं (मुळात १०२४ असतात) आणि पार्टिशनवरून नोड. म्हणजे एकच पॉलिसी दर वेळी त्याच सर्व्हरकडे जाणार. दोन ओळींचा कोड लिहून वहीतले नंबर अ‍ॅफिनिटीला (की कुठल्या नोडवर ते सांगणाऱ्या इग्नाइटच्या भागाला) विचारले. सगळेच्या सगळे तिसऱ्या सर्व्हरचे. उघडणारे काही नंबर टाकून पाहिले, त्यात तिसऱ्याचा एकही नाही. बॅकअपची प्रत ठेवलेली नव्हती. मुळात बॅकअप शून्यच असतात, आणि डेटाबेस मागे असताना ते वाढवायची गरज कोणाला वाटली नव्हती. त्यामुळे तिसरा बोलत नसेल तर त्याच्या वाट्याची माहिती दुसरं कोणी देणार नाही.

मग नेटवर्कवाल्यांना लाइनवर घेतलं. त्यांनी अ‍ॅप्लिकेशनच्या मशीनवरून तिसऱ्या सर्व्हरच्या ४७५०० ला टेलनेट मारला (पोर्टवर कोणी उत्तर देतं का ते बघायची साधी चाचणी), लागला. ४७१०० ला मारला, तोही लागला. "फायरवॉल ओके. तिकीट बंद करतोय." मी म्हटलं, पाचच मिनिटं थांबा. खरं तर पुढे काय सांगणार हे मलाही माहीत नव्हतं. क्लायंटचा लॉग हजारो ओळींचा, म्हणून फक्त तिसऱ्याचा आयपी शोधला. कनेक्ट होऊ शकलो नाही, नोड जिवंत आहे ना, अशा अर्थाची इग्नाइटची ती लांबलचक तक्रार सापडली, आणि शेजारी पत्ता. पत्त्याच्या शेवटी ४७१०१.

एकशे एक? तिसऱ्या मशीनवर जाऊन ऐकत असलेल्या पोर्टची यादी काढली. ४७१०१ वर आमचा सर्व्हर नोड बसला होता. आणि ४७१०० वर? एक जावा प्रोसेस, रिपोर्टिंगचा जॉब. कोणीतरी कधीतरी सोय म्हणून तो त्याच मशीनवर ठेवलेला. तोही इग्नाइटचा पूर्ण क्लायंट नोड, आणि असा क्लायंटसुद्धा कम्युनिकेशनचा पोर्ट उघडून बसतो. रीबूटनंतर तो आधी उठला, बाकीच्या दोन सर्व्हरना जोडला गेला आणि ४७१०० अडवून मोकळा झाला. मागून आलेल्या सर्व्हरला जागा मिळाली नाही, तर त्याने निमूटपणे पुढचा पोर्ट घेतला. इग्नाइट तसंच करतो, पुढच्या शंभर पोर्टपर्यंत शोधत जातो. डिस्कव्हरीचा पोर्ट मात्र क्लायंट नोड घेत नाही, म्हणून ४७५०० जागेवर. फायरवॉलमधून वाट होती ती ४७१०० ला, ४७१०१ ला नाही, म्हणून आमचे क्लायंट अडले. सर्व्हर आपसात एकाच सबनेटवर (नेटवर्कच्या एकाच भागात), त्यांना फायरवॉल आडवी येत नाही. आणि नेटवर्कवाल्यांचा टेलनेट लागला तो रिपोर्टिंगच्या जॉबला! तपासणी बरोबर होती, उत्तर फक्त भलत्यानेच दिलं.

जॉब थांबवला, तिसरा नोड परत सुरू केला, तो ४७१०० वर आला. ताईंना फोन लावला. त्यांनी वहीतला एकेक नंबर टाकून पाहिला आणि मगच "हो, झालं" म्हणाल्या.

खरी वादावादी दुपारनंतर झाली. नेटवर्कवाल्यांचं म्हणणं, फायरवॉलमध्ये अख्खी रेंजच उघडून टाकू, ४७१०० ते ४७२००. मला ते पटलं नाही. रिपोर्टिंगला क्लस्टरमध्ये सामील व्हायची गरजच काय? १०८०० पोर्टवर थिन क्लायंटने (क्लस्टरचा सदस्य न होता जोडणाऱ्या हलक्या क्लायंटने) जोडलं की तो टोपॉलॉजीत येतही नाही आणि स्वतःचा पोर्टही उघडत नाही. ते ठरलं. दुसरं, सर्व्हरच्या कॉन्फिगरेशनमध्ये कम्युनिकेशनची पोर्ट रेंज शून्य करायची: ४७१०० मिळाला तर चालू हो, नाही तर उठूच नकोस.

यावर ऑपरेशन्सचे सर म्हणाले, "म्हणजे रात्री रीबूटनंतर नोड उठला नाही की मला फोन."

"तुम्हाला नको, मला करा," मी म्हटलं. चेंज रिक्वेस्टमध्ये तसं लिहून दिलं, तेव्हा त्यांनी सही केली.