रिकामा डबा

रंगपंचमी, शुक्रवार, २ एप्रिल २०२१

दादाकाकांनी होळीचा डबा आज रिकामा परत केला आणि सकाळपासून ती गोष्ट माझ्या मनातून जात नाही. कुणाचा डबा रिकामा परत करू नये, घरात काही नसले तर चिमूटभर साखर तरी त्यात टाकावी, हे आजीने मला शिकवले तेव्हा दादाकाका तिथेच झोपाळ्यावर बसलेले होते. रविवारी मी त्याच डब्यात सहा पुरणपोळ्या भरून, वर तुपाची वाटी ठेवून नारायण पेठेत गेले, डबा त्यांच्या उंबऱ्यावर ठेवला, बेल वाजवली आणि सहा पायऱ्या उतरून खाली उभी राहिले. दार उघडून त्यांनी डबा उचलला आणि वरूनच विचारले, "अगं, मी काय वाळीत पडलोय का?"

आज ते स्कूटरवरून स्वतः आले. मास्क होता, पण हनुवटीखाली. मी आतले दार उघडले, जाळीचे मात्र लावलेलेच ठेवले. उद्यापासून संध्याकाळी सहा ते सकाळी सहा संचारबंदी आहे, हॉटेले आणि पीएमपीच्या बस बंद आहेत, हे मी त्यांना सांगितले, तर म्हणाले, "विषाणू काय संध्याकाळी सहाला कामावर हजर होतो?" मला हसू दाबावे लागले, कारण बातमी वाचल्यावर नेमके हेच माझ्याही मनात आले होते. बंदी विषाणूच्या वेळेवर नसून माणसांच्या गर्दीवर आहे, हे मला कळते, पण ते जाळीतून समजावून सांगण्याचे त्राण माझ्यात राहिलेले नाही. मग नेहमीप्रमाणे रँडसाहेब आले. प्लेगचे निमित्त करून गोऱ्या शिपायांना घराघरांत घुसवले, आता तेच चालले आहे, आणि त्या वेळचे पुणेकर कसे गप्प बसले नाहीत, हे मी वर्षभरात किमान दहा वेळा ऐकले आहे. त्याच १८९७ साली, रँडवर गोळी झाडली गेली त्याच्या तीन महिने आधी, प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई त्याच रोगाने गेल्या, हे मात्र त्यांच्या इतिहासात कधीच येत नाही. शिपाई अत्याचारी होते म्हणून प्लेग खोटा ठरत नाही, एवढे एकच वाक्य मला बोलायचे होते. ते मी अजूनही बोललेले नाही.

लसीचेही तसेच. साठीच्या पुढच्यांना १ मार्चपासून मिळते आहे, मी दोनदा त्यांची नोंदणी केली आणि दोन्ही वेळा ते गेले नाहीत. देशातल्या पहिल्या रुग्णाचा नमुना याच शहरातल्या संस्थेने तपासला, कोव्हिशिल्ड इथेच, हडपसरला तयार होते, असे मी म्हटले, तर उत्तर मिळाले, "हडपसरची भाजी चांगली. तेवढीच घ्यावी."

हे सगळे मी सहन करते. मग रिकामा डबाच इतका का लागावा? दुपारभर स्वतःची कीव करून झाली: ओट्याशी उभे राहून पुरण वाटणारी मी, डबा पोचवणारी मी, आणि मलाच ही वागणूक. डबा पुन्हा पुन्हा उघडून पाहिला, जणू साखर कुठे कोपऱ्यात चिकटून राहिली असेल.

खरे तर मला दुसरेच काही आठवत होते. गेल्या गणपतीत "दरवर्षी होते तशीच पंगत होणार" असा हट्ट दादाकाकांनी धरला आणि गौरीजेवणाला आम्ही अकराजण एका खोलीत बसलो. वाढायला मीच होते. सप्टेंबरात बाबांचे जे झाले, त्यानंतर दादाकाका येईल त्याला सांगत राहिले की त्याला साखर होती, हृदय आधीच कमजोर होते, बाकी काही नव्हते. मी तेव्हा ते क्रूरपणाचे समजले. आज जाळीतून त्यांच्याकडे पाहताना वाटले, की त्यांनी हा रोग खरा मानला, तर ती पंगतही त्यांना खरी मानावी लागेल. आणि हट्ट त्यांचा असला तरी, नको म्हणून सांगणारे त्या दिवशी कुणीच नव्हते. वैकुंठ स्मशानभूमीत आम्ही दोघेच होतो. त्याविषयी आज नको.

संध्याकाळी काकूंचा नाशिकहून फोन आला. गेला आठवडाभर त्या लेकीकडे आहेत, हे मला ठाऊकच नव्हते. म्हणजे डबा दादाकाकांनी स्वतः घासला होता. मग नीट पाहिले, तर झाकणाच्या कडेला तूप तसेच होते आणि तळाशी साबणाचा पांढरा थर वाळला होता. ज्या माणसाने पन्नास वर्षांत स्वतःचे ताट उचलले नाही, त्याला डब्यात साखर टाकायची असते हे कुठून सुचणार? आजी सांगत होती तेव्हा ते झोपाळ्यावर होते खरे, पण सांगत होती ती मला. काकू पुढे म्हणाल्या, "पोळ्या छान होत्या म्हणत होते हो, फक्त कटाची आमटी का नाही पाठवली, असं विचारत होते."

आणि मी तरी काय केले? एवढ्या उन्हात आलेल्या माणसाला "या, बसा" म्हटले नाही, पाण्याचा तांब्या पुढे केला नाही. दोन बोटांनी डबा आत ओढून घेतला आणि ते वळायच्या आत त्यावर सॅनिटायझर फवारला. त्यांनी ते पाहिले असावे. जिन्यात जरा थांबले, मग खाली गेले. स्कूटर तिसऱ्या किकला सुरू झाली.

डबा मी पुन्हा घासून पालथा घातला आहे. पाडवा तेराला आहे. श्रीखंडाबरोबर कटाची आमटी पाठवणे शास्त्राला धरून होणार नाही, पण पाठवीन. काकू तोवर आल्या नसतील तर डबा रिकामाच येईल.