अर्ध्या कानाने

कपडे वाळत घालायचे प्लॅस्टिकचे चिमटे असतात ना, रंगीबेरंगी, ते मी एकदा एका आर्ट म्युझियमच्या अंगणात नोटेशनच्या कागदांना लावलेले बघितले. चौघं जण वाजवत होते, दोन व्हायोलिन, एक व्हिओला, एक चेलो, सगळे काळ्या कपड्यांत एकदम टापटीप, मागे कुणातरी मोठ्या शिल्पकाराचं दोन मजली लोखंडी काहीतरी, आणि समोर स्टँडवर हे निळे-पिवळे चिमटे. वारा आला की कागद फडफडायचे, पान उलटायची वेळ आली की एका हाताने चिमटा काढा, पान उलटा, परत चिमटा लावा, आणि तेवढ्यात बो (तारांवर घासायचा गज) जागेवर आणा, हे सगळं दोन सेकंदांत करताना चेलोवाल्या बाईंची जी तारांबळ उडायची ती बघून मला वेस्टर्न क्लासिकलची जी काय भीती होती ना, कुठे टाळ्या वाजवायच्या कुठे नाही वगैरे, ती तिथल्या तिथे गेली.

खरं सांगायचं तर मी संगीत ऐकायला गेलेच नव्हते. मी पाय दुखतात म्हणून बाहेर आले होते. म्युझियममध्ये पाय दुखतात ते वेगळे दुखतात, डोंगर चढून दुखतात तसे नाही, दोन पावलं चाला, थांबा, वाका, पाटी वाचा, परत दोन पावलं, हे तीन तास केलं की कंबरेपासून खाली सगळं लाकूड होतं. मला वाटायचं हे माझ्यातच काहीतरी कमी आहे, कलेची समज नाही म्हणून कंटाळा येतो. मग कळलं की बोस्टनच्या म्युझियम ऑफ फाइन आर्ट्समधल्या बेंजामिन गिलमन नावाच्या माणसाने १९१६ मध्येच या थकव्यावर लेख लिहिलाय, एका माणसाला शोकेससमोर वाकायला, उकिडवं बसायला, मान तिरकी करायला लावून त्याचे फोटो काढलेत, आणि दोष बघणाऱ्याचा नाही, मांडणीचा आहे असं म्हटलंय. शंभरहून जास्त वर्षं झाली, अजून आपण वाकतोच आहोत. असो. तर मी बाहेर आले, गवतावर बसले, बूट काढले, आणि समोर हे चौघं वाजवत होते.

आणि फुकट. फुकट ते पौष्टिक म्हणतात, पण माझा अनुभव असा की फुकट मिळालेल्या गोष्टीकडे आपण जरा संशयानेच बघतो, एवढं चांगलं असतं तर तिकीट लावलं नसतं का, असं मनात येतंच. मी पण आधी तसंच बसले, म्हणजे एक डोळा बुटांवर, एक कान तिकडे. पण हळूहळू लक्षात आलं की ज्या कार्यक्रमाचं मी तिकीट काढते तिथे मी ऐकत कमी असते आणि वसूल जास्त करत असते. सीटवर नीट बसायचं, खोकला दाबायचा, मन भलतीकडे गेलं की त्याला ओढून आणायचं, कारण पैसे दिलेत. इथे कोणी काही मागितलंच नव्हतं, त्यामुळे मला अर्ध्या कानाने ऐकायचा पूर्ण हक्क होता. आणि तो हक्क मी वापरला, मनापासून वापरला. मध्येच ढग बघितले, मध्येच एका जोडप्याचं भांडण ऐकलं (गाडी कुठे लावली यावरून), आणि मग एकदम, काही कारण नसताना, व्हिओलाचा एक सूर असा आला की मी भांडण विसरले, ढग विसरले. लक्ष देऊन बसले असते तर तो आला नसता असं नाही म्हणणार मी, पण असा अचानक आला नसता.

माझ्या पुढे एक मुलगा बसला होता, वादकांकडे पाठ करून, त्या लोखंडी शिल्पाचं स्केच काढत. मला फार भारी वाटलं, म्हटलं बघा, संगीत ऐकत ऐकत चित्र काढतोय, दोन कला कशा एकत्र आल्या. नंतर तो वळला तर कानात हेडफोन. स्वतःचंच काहीतरी ऐकत होता. हे पण चालतं इथे.

आता हे बाहेरच का, आत का नाही, याचं रोमँटिक उत्तर मोकळं आकाश वगैरे आहे, पण प्रॅक्टिकल कारणंही आहेत. आतल्या चित्रांचं फार नाजूक असतं. वॉटरकलर किंवा कागदावरची कामं साधारण ५० लक्सच्या मंद उजेडात ठेवतात, म्हणून त्या खोल्या अशा अंधाऱ्या असतात, हवेतला दमटपणा मोजूनमापून ठेवायचा, आणि मोठ्या आवाजाच्या संगीताने जी थरथर होते, विशेषतः बेस आणि ड्रमची, तिची नाजूक वस्तू सांभाळणाऱ्या लोकांना धास्ती असते. म्हणजे आत चित्रांना ऊन नको, दमट नको, धक्का नको, आणि बाहेर बिचाऱ्या व्हायोलिनला हे सगळं एकदम. लाकूड ते लाकूडच, ऊन लागलं की सूर सरकतो. म्हणून बरेच वादक उघड्यावर वाजवायचं असेल तर आपलं खरं वाद्य आणतच नाहीत, दुसरं एखादं जरा दणकट असलेलं आणतात, कार्बन फायबरचे चेलो पण निघालेत. आपण लग्नाला नेसायची साडी पावसात नेसत नाही तसंच.

आवाजाचंही तसंच. बंद हॉलमध्ये भिंती आवाज परत पाठवतात, त्यामुळे सूर जरा भरलेला, गुबगुबीत होतो. उघड्यावर भिंतच नाही, सूर गेला तो गेला. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने खाली येतो, म्हणजे पुढे बसलेल्याला मैफल आणि मागे बसलेल्याला शेजारच्या घरातला रेडिओ. पण एक गंमत आहे. दिवसा जमीन तापलेली असते, तिच्या लगतची हवा गरम, त्यामुळे आवाज वर वळतो आणि आपल्या डोक्यावरून निघून जातो. सूर्य मावळला की जमीन गार पडते, खालची हवा गार, वरची त्यामानाने गरम, आणि तोच आवाज खाली वळून लांबपर्यंत पोचतो. मला वाटायचं संध्याकाळी गाणं जास्त गोड लागतं तो मूडचा भाग आहे. थोडा असेलही, पण थोडं काम हवा करते.

शिकागोत यावर झकास इलाज केलाय. तिथे मिलेनियम पार्कमध्ये, आर्ट इन्स्टिट्यूट या म्युझियमच्या अगदी जवळ, आर्किटेक्ट फ्रँक गेहरीचा प्रित्झकर पॅव्हिलियन, म्हणजे उघड्यावरचं मोठं स्टेज, आहे, २००४ मधला. हिरवळीवरून स्टीलच्या नळ्यांची मोठी जाळी कमानीसारखी गेलीये आणि त्या जाळीला ठिकठिकाणी स्पीकर टांगलेत, लांबच्या स्पीकरमधून आवाज मुद्दाम क्षणभर उशिरा सोडायचा, म्हणजे स्टेजवरून येणारा आणि डोक्यावरचा दोन्ही एकत्र कानात पोचतात. नाहीतर ३४ मीटरवर बसलेल्या माणसाला एक दशांश सेकंदाचा फरक पडतो आणि सगळं दोनदा ऐकू येतं. इथे जो ग्रँट पार्कचा संगीत महोत्सव होतो तो १९३५ पासून फुकट आहे. पण मला सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. त्या परिसरात उंच बांधकामाला जुनी बंदी, आणि हा पॅव्हिलियन चांगला उंच. मग काय केलं, तर त्याची नोंद इमारत म्हणून केलीच नाही, कलाकृती म्हणून केली! शिल्पाला उंचीचा नियम नाही. म्हणजे म्युझियमच्या अंगणात संगीत असतं ते आपण बघितलंय, इथे स्टेजच शिल्प होऊन बसलं. सरकारी फॉर्मवर असली कविता क्वचित होते.

न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या शिल्पबागेचं तर काय सांगावं. फिलिप जॉन्सन या आर्किटेक्टने १९५३ मध्ये केलेली बाग, संगमरवरी फरशी, पाण्याचे हौद, भिंतीपलीकडे ट्रॅफिक. तिथे १९७१ पासून समरगार्डन नावाने फुकट मैफली सुरू झाल्या. त्याच्याही आधी, १९६० च्या मार्चमध्ये, जाँ तँगेली नावाच्या कलाकाराने त्या बागेत स्वतःला मोडून टाकणारं एक मशीन उभं केलं होतं, त्यात सायकलची चाकं, बाथटब आणि एक पियानो. मशीन सुरू झालं, पियानो वाजला, मग पियानोला आग लागली, आणि २७ मिनिटांनी फायर ब्रिगेडच्या माणसाने येऊन सगळं विझवलं. उघड्यावर वाद्यांचे हाल होतात म्हटलं ते एवढे होतात असं नाही, पण होऊ शकतात.

त्याच बागेत १९८५ च्या जुलैत जॅझमधला नावाजलेला वादक सॉनी रॉलिन्स एकटा उभा राहून सॅक्सोफोन वाजवत होता. ड्रम नाही, बेस नाही, कोणी नाही, तासभराच्या आसपास एकटाच. लोकांना याचं आश्चर्य वाटलं असेल पण या माणसाला उघड्यावर एकट्याने वाजवायची सवय जुनी. १९५९ च्या सुमाराला चांगलं नाव झालेलं असताना त्याने कार्यक्रम बंद केले आणि न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्ग ब्रिजवर जाऊन रियाज करायला लागला, तासन् तास, खालून बोटी, बाजूने ट्रेन. का, तर शेजारी एक बाई गरोदर होत्या, आपल्या आवाजाचा त्यांना त्रास नको. मला ही गोष्ट फार आवडते. दोनेक वर्षं पुलावरून जाणाऱ्या लोकांनी जगातला एक नंबरचा सॅक्सोफोन फुकट ऐकला, तोही अर्ध्या कानाने, घाईत, आणि त्यातल्या कितीजणांना कळलंही नसेल.

फुकट म्हणजे फुकट नसतंच म्हणा, कोणीतरी भरतंच. यामागची अमेरिकेतली एक जुनी भानगड वाचली आणि मी थक्क झाले. १९४२ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या वादकांच्या युनियनने, जेम्स पेट्रिलो त्यांचा अध्यक्ष, रेकॉर्डिंग करायचं बंद केलं. का, तर रेकॉर्ड एकदा निघाली की रेडिओवर, हॉटेलात तीच वाजते, मग जिवंत वादकाला बोलावतो कोण? आपल्याच हाताने आपल्या पोटावर पाय. दोन वर्षांहून जास्त हे चाललं, १९४८ मध्ये परत एकदा बंद पुकारला, आणि त्यातून एक ट्रस्ट निघाला. रेकॉर्ड कंपन्यांनी विक्रीतला थोडा वाटा तिथे टाकायचा आणि त्यातून वादकांना मानधन देऊन बागा, शाळा, हॉस्पिटलं अशा ठिकाणी लोकांसाठी फुकट कार्यक्रम करायचे. म्हणजे ज्या तबकडीने वादकाचं काम खाल्लं तिच्याचकडून भरपाई घेऊन त्याला झाडाखाली बसवलं. मला तर हा हिशोब एकदम पटला. मोबाईलवर गाणी ऐकणाऱ्या आपल्या सगळ्यांकडून आज असं कोणी वसूल करायला निघालं तर आपण किती आरडाओरडा करू तो भाग वेगळा.

फुकटचा एक त्रास मात्र आहे, गर्दी. वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीच्या शिल्पबागेत उन्हाळ्यातल्या शुक्रवारी संध्याकाळी जॅझ असतो, मध्ये मोठं गोल कारंजं, लोक काठावर बसून पाण्यात पाय सोडतात (हिवाळ्यात त्याच हौदात बर्फ करून स्केटिंग). इतके लोक यायला लागले की आता आधी नाव नोंदवायचं आणि लॉटरी लागली तर जायचं. पैसे नाहीतच, पण नशीब लागतं. सुरक्षा वगैरे ठीक आहे, समजतं मला, पण लॉटरी लागून गेलेला माणूस अर्ध्या कानाने ऐकेल का? तो पुढे जाऊन बसणार, व्हिडिओ काढणार, लॉटरी वसूल करणार. पाय दुखले म्हणून बाहेर आलेल्या बाईला तिथे जागा नाही. मला ते काही बरोबर वाटत नाही.

तर आमचे चौघं. चिमटे असूनही शेवटी एक पान सुटलंच. दुसऱ्या व्हायोलिनच्या स्टँडवरचं, गवतावरून गडगडत गेलं आणि सगळ्यात मागे बसलेल्या एका आजोबांच्या पायाशी थांबलं. त्यांनी उचललं, चष्मा लावून थोडं वाचल्यासारखं केलं, आणि सावकाश चालत जाऊन परत दिलं. तोपर्यंत बाकीचे तिघं वाजवतच होते आणि तो व्हायोलिनवाला आठवेल तसं, हसत हसत. हॉलमध्ये हा अपघात ठरला असता, इथे लोकांनी टाळ्या वाजवल्या, मधेच, जिथे वाजवायच्या नसतात तिथे.

मग पाऊस आला. आधी दोन थेंब, सगळ्यांनी वर बघितलं, आणि मग धावपळ. चेलोवाल्या बाईंनी अंगातलं जॅकेट काढून चेलोवर टाकलं आणि स्वतः तशाच भिजत त्याची पेटी शोधायला पळाल्या. आम्ही वीस-पंचवीस जण त्या लोखंडी शिल्पाच्या पोटाखाली शिरलो, जिथे एरवी हात लावू नये असं लिहिलेलं असतं, त्याच्यावर टेकून उभे. पावसाचा आवाज लोखंडावर फार मोठा येत होता. ते भांडणारं जोडपं माझ्या शेजारीच, आता छत्री गाडीत राहिली यावरून. कार्यक्रम अर्धवट राहिला, कोणी पैसे परत मागितले नाहीत कारण दिलेच नव्हते, आणि ते काय वाजवत होते हे विचारायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. मी बूट शोधत होते, एक सापडला होता.