गिऱ्ह्याचा उजवा हात

कोकणातल्या लोककथांमधला गिऱ्हा पाण्यात राहतो आणि माणसाला चकवून खोल पाण्याकडे नेतो. त्याच्यावर लघुपट करायचे ठरवले, तेव्हा आमच्याकडे एक कॅमेरा, दोन एलईडी दिवे आणि गावातली वापरात नसलेली विहीर एवढेच होते. अंगभर पोशाख परवडणारा नव्हता, म्हणून फक्त उजवा हात घडवला: रबरी हातमोज्यावर टिश्यू पेपर आणि द्रवरूप लेटेक्सचे, म्हणजे रबराच्या चिकाचे, थर चढवले आणि एक थर पुरता वाळल्याशिवाय दुसरा लावला नाही. वरचा बुळबुळीतपणा भिजवलेल्या इसबगोलाचा होता. मागून उजेड टाकला की तो असा ओलसर चमके, की माझ्याच अंगावर शहारा येई.

१९७५ च्या 'जॉज' या चित्रपटातला यांत्रिक शार्क खाऱ्या पाण्यात वारंवार बिघडत असल्यामुळे दिग्दर्शक स्पीलबर्ग यांना तो कमी दाखवावा लागला, आणि त्यानेच भीती वाढली. आम्हीही सुरुवातीला केवळ रहाटाचा दोर ताणला जाताना दाखवला. बोटे कठड्यावर येतात ती अगदी शेवटी, मोजून दोन सेकंद. आवाजासाठी मात्र मी तीन रात्री खर्च केल्या, कारण घागर बुडतानाची गुडगुड हाच आमच्या गिऱ्ह्याचा श्वास आहे.