जमीन लागली

माझी आजी मुंबईहून रत्नागिरीला बोटीनं यायची. 'बोट लागली' म्हणजे काय, ते तिच्याकडून लहानपणीच ऐकलं होतं. जिभेखाली आल्याचा तुकडा, हातात लिंबू आणि डोळे मिटून गपचूप पडून राहायचं. पण तीन-चार दिवस समुद्रावर काढून पाय टेकले की जमीनसुद्धा लागते, हे ती कधी बोलली नाही. मला ते मालवणच्या धक्क्यावर कळलं. धक्का संथपणे वर जात होता, खाली येत होता आणि मी नारळाच्या पोत्यांना धरून उभी होते.

आमचं जहाज दोन डोलकाठ्यांचं, स्कूनर जातीचं. नौदलाच्या 'तरंगिणी'ला तीन डोलकाठ्या आहेत आणि तिनं २००३-०४ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा केली. तिच्यासमोर आमचं म्हणजे शेंबडं पोर. पण शिडं खरी, दोर खरे आणि तळहाताला आलेले फोड तर फारच खरे. मुंबई ते गोवा, अकरा शिकाऊ खलाशी, चार तास काम आणि आठ तास सुट्टी. त्या सुट्टीतही कोणीतरी 'शीड उतरवा' म्हणून हाका मारतंच.

जानेवारीत कोकणचा वारा वेळापत्रक पाळतो. रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर निवते आणि पहाटेपर्यंत जमिनीकडून मतलई वाहतो. दुपारी जमीन तापली की वायव्येकडून समुद्राचा वारा येतो. दक्षिणेला जाणाऱ्याला दोन्ही सोयीचे. मधल्या वेळेत मात्र शिडं ओल्या लुंगीसारखी लोंबतात आणि सगळे एकमेकांवर चिडतात.

जहाजावर खरी चणचण गोड्या पाण्याची. प्यायला माणशी मोजून मिळायचं, आंघोळीला समुद्र. तिसऱ्या दिवशी माझ्या केसांचा काथ्या झाला होता. कानामागे बोट फिरवलं तर नखात मीठ.

मालवणच्या समोर खडक फार, म्हणून नांगर बाहेरच टाकला. कप्तान म्हणाले, "साडेतीनला डिंगी धक्क्याला लागेल. त्यानंतर वारा चढतो. मी कुणासाठी थांबणार नाही." सहा तासांची सुट्टी. बाकीचे मासळीच्या ताटाकडे पळाले. मी पोत्यांना धरून जरा उभी राहिले आणि मग किल्ल्याच्या होडीत बसले.

सिंधुदुर्ग मी सहावीत पाहिला होता, शाळेच्या सहलीत. तेव्हा बाईंनी वहीत उतरवायला लावलेलं अजून पाठ आहे: कुरटे बेट, पायाभरणी १६६४, बांधकाम पूर्ण १६६७, तट साधारण तीन किलोमीटर. पायाच्या दगडांत शिसं ओतलंय, हेही. महाराजांच्या हातापायांचे चुन्यातले ठसे पाहायला रांग लावली होती. विहिरी आल्या तेव्हा मी मैत्रिणीच्या डब्यातली चकली खात होते.

या वेळी दरवाजाच सापडेना. होडी तटाजवळ आली तरी समोर नुसती काळी भिंत. दोन बुरूज एकमेकांच्या आड असे उभे आहेत की अगदी तोंडाशी गेल्याशिवाय वाट दिसत नाही. सहलीत आम्ही गाणी म्हणत आत शिरलो होतो. आता मी तीन दिवस नाळेवर, जहाजाच्या पुढच्या टोकाला, उभी राहून खडक शोधले होते, म्हणून की काय, पोटात थोडं गलबललं. उधाणाच्या लाटांत परक्या जहाजानं इथं दरवाजा शोधत फिरायचं म्हणजे काय, त्याचा अंदाज आला.

शिवराजेश्वराच्या देवळात गेले. राजाराम महाराजांनी बांधलेलं हे देऊळ. आतल्या शिवाजी महाराजांच्या मूर्तीला दाढी नाही आणि डोक्यावर कोळ्याची टोपी वाटावी असा टोप. सहावीत ते विचित्र वाटलं होतं. आता स्वतःच्या डोक्यावर कोळणीसारखा रुमाल बांधून उभी होते, तर काहीच विचित्र वाटलं नाही.

मग विहिरी. दूधबाव, दहीबाव, साखरबाव. मी कठड्यावरून वाकले आणि सगळी विहीर डाव्या बाजूला कलली.

"गो बाय, चक्कर येता काय तुका? बस हंय." सरबत विकणाऱ्या काकू मागून म्हणाल्या. किल्ल्यात अजून काही कुटुंबं राहतात, त्यांतल्या त्या. जहाजाचं सांगितलं तर हसल्या. "म्हंजे दर्यो अजून पोटात आसा. पाणी पी. साखरबावचा."

तांब्या तोंडाला लावला. त्यांनी कोकम सरबतही पुढे केलं होतं, पण मी दुसरा तांब्या मागितला. चारी बाजूंना खारा समुद्र, मध्ये ४८ एकर खडक आणि त्यात हे पाणी. पावसाचं पाणी जमिनीत मुरतं, खाऱ्यापेक्षा हलकं असल्यामुळे खाली त्याच्यावर तरंगून राहतं. भूगोलाच्या पुस्तकातलं आहे हे, मीही कधीतरी पाच मार्कांना लिहिलं असेल. बेट निवडताना गोडं पाणी पाहिलं होतं, असं सहलीत सांगितलेलंही आठवलं. तट, शिसं, तोफा हे सगळं नंतरचं.

काकूंनी दोन लिटरची बाटली भरून दिली. पैसे फक्त सरबताचे घेतले, जे मी प्यायलेच नव्हते.

परतायला उशीर झाला. कारण माझा आळस आणि बाजारातला खाजा. गूळ-आल्याचा ताजा खाजा बांधून घेईपर्यंत साडेतीन वाजून गेले होते. धावत धक्क्यावर आले तर डिंगी सुटायच्या बेतात, कप्तानांचा चेहरा पाहण्यासारखा. ते बोलले नाहीत. बाकी सगळं वाऱ्यानं सुनावलं. जहाजापर्यंत पोचेपर्यंत आम्ही सगळे निथळत होतो आणि खाजाचं पुडकं समुद्रानं खाल्लं होतं.

रात्री बारा ते चार माझी पाळी होती. दोनच्या सुमारास मतलई सुटला, त्याला ओल्या मातीचा आणि धुराचा वास. मी बाटलीतलं अर्धा पेला पाणी ओंजळीत घेऊन तोंड धुतलं. सुकाणूवरच्या पोरानं अंधारातच मान वळवली.

"ताई, गोडं आहे?"

मी त्याच्या ओंजळीत ओतलं. त्यानं तोंड धुतलं नाही, पिऊन टाकलं.