स्ट्राउडच्या माथ्यावरचं गायरान

लंडनच्या पॅडिंग्टनहून ग्लॉस्टरशरमधल्या स्ट्राउडला थेट गाडी मिळते, साधारण दीड तासाची. गावावरच्या डोंगराचा हिरवा माथा म्हणजे रॉडबरो कॉमन. कॉमन म्हणजे काय हे मला तिथे गेल्यावर कुणी सांगावं लागलं नाही. हे तर आपलं गायरान! फक्त इथे चराईचा हक्क सरसकट गावाला नाही, ठरावीक लोकांनाच आहे.

चढ खडा आहे. थांबत थांबत आम्हाला पाऊण तास लागला. पायात चांगले बूट हवेत, कारण वर शेण भरपूर, आणि पाऊस झाला असेल तर उतारावर पाय सरकतो. जूनमध्येही जाकीट सोबत ठेवा. माथ्यावर वारा बोचतो.

वर पोचलो आणि पहिली गाय दिसली ती रस्त्याच्या मधोमध, रवंथ करत. मागे तीन मोटारी गुमान उभ्या. हॉर्न कुणीच वाजवला नाही, हे पाहून गंमत वाटली. इथले रस्ते माळावरूनच जातात, कडेला कुंपण नाही. मेच्या मध्यावर गुरांवर खुणा करून त्यांना मोकळं सोडतात, ती पानगळीपर्यंत वरच असतात. म्हणून गाई बघायच्या तर जून ते सप्टेंबर गाठा. मोटारीने येणार असाल तर तिन्हीसांजेला फारच हळू चालवा, काळी गाय अंधारात दिसतच नाही.

काठावर बसलं की खाली स्ट्राउडची छपरं, दऱ्यांमधल्या जुन्या गिरण्या, आणि हवा स्वच्छ असेल तर पश्चिमेला सेव्हर्न नदीची चकाकी. त्या गिरण्यांत एकेकाळी लाल बनात निघायची. इंग्रज शिपायांचे तांबडे डगले तिचेच, आणि ईस्ट इंडिया कंपनी तिची मोठी गिऱ्हाईक.

हिंदुस्थानचा आणखी एक धागा आहे. बिहारमधल्या पुशाच्या शेतकी संस्थेत कीटकतज्ज्ञ असलेले टी. बेनब्रिग फ्लेचर निवृत्तीनंतर इथे राहिले आणि 1937 साली त्यांनी हा माळ नॅशनल ट्रस्ट या निसर्ग आणि वारसा जपणाऱ्या संस्थेला दिला. आज इथे अडोनिस ब्लू हे निळंशार फुलपाखरू दिसतं, आणि त्यात गाईंचा वाटा मोठा आहे. त्या चरतात म्हणून गवत आखूड राहतं, झुडपं माजत नाहीत, आणि चुनखडीच्या जमिनीतल्या रानफुलांना ऊन मिळतं. जूनमध्ये ऑर्किड असतात. पाय जपून टाका.

गाय आणि वासरू यांच्या मधून कधीही जाऊ नका. कुत्रा सोबत असेल तर पट्ट्यात धरा, पण गाय अंगावर आली तर पट्टा सोडून द्या. ती कुत्र्यामागे लागते, आणि तो पळून सुटतो.

माळावरच विन्स्टन्सचं आईस्क्रीमचं दुकान आहे, 1925 पासूनचं. तिथे जाच. मात्र कोन हातात घेऊन गवतात बसकण मारण्याआधी पाठीमागे कोण चरतंय ते बघून घ्या. आम्ही बघितलं नव्हतं.