तेल पिऊ दे तिले

मृग लागायच्या आधीचे आठ-पंधरा दिवस आमच्या भागात माणसांपेक्षा नट-बोल्टच जास्त अडून बसतात. गेल्या पेरणीनंतर ट्रॅक्टरमागचं पेरणी यंत्र निंबाखाली उभं केलेलं असतं आणि खताच्या पेटीच्या कोपऱ्यात मूठभर डीएपी तसंच राहिलेलं असतं. खत हवेतली ओल ओढतं, ते खारं पाणी आट्यांमध्ये उतरतं आणि लोखंड खातं. गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा लागते. नट-बोल्टमध्ये तेवढी फट कुठली असायला? मग गंजच पाचर होऊन बसतो.

गोठ्याला लागून माझी टिनाची शेड आहे. एक बाक, एक व्हाइस, भिंतीला टांगलेले पाने. या दिवसांत तिथं कुट्टी मशीनची मोटर येते, फवारणीचा पंप येतो, आणि त्यांच्यामागून सल्ला द्यायला अर्धं गाव येतं. सल्ला बहुतेक एकच असतो : हान घण! त्याच्यावरचा दुसरा म्हणजे पान्याला पाइप लावून लोंबकळायचं. पाइप लावला की जोर वाढतो, हे खरं. पण गंजलेला बोल्ट जोर वाढवल्यावर सुटतोच असं नाही, पुष्कळदा तो मुंडक्यापासून तुटतो. मग भोक पाडा, त्यात उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर घाला, आणि तो जर आत मोडला तर संपलंच. तो कडक पोलादाचा असतो, साधा ड्रिल त्याला ओरखडाही काढत नाही.

गावात एक म्हातारे खाती, म्हणजे सुतार-लोहार, आहेत; सगळे त्यांना बाबाजी म्हणतात. बंड्यांची, म्हणजे बैलगाड्यांची, चाकं करण्यात त्यांची हयात गेली. परवा कुट्टी मशीनच्या मोटरची पुली निघेना म्हणून तिचा मालक एका बाजूनं पहार घालून उचकटत होता. बाबाजी बघत उभे होते. म्हणाले, “काऊन मारून राह्यला गा तिले? तेल पिऊ दे ना थोडं.” पुली बिडाची, म्हणजे ठिसूळ. एका अंगानं उचकटली की काठाचा तुकडाच हातात येतो. तेल टाकून रात्रभर ठेवली. सकाळी तारेच्या ब्रशनं घासली, तर मातीच्या थराखाली छोटा स्क्रू निघाला, चावीवर (दांड्यावर पुली घसरू नये म्हणून खाचेत बसवलेल्या लोखंडी पट्टीवर) घट्ट आवळलेला. तो काढला, तीन पायांचा पुलर, म्हणजे पुली ओढून काढायचं हत्यार, लावला, ताण दिला आणि पुलरच्या मधल्या स्क्रूच्या डोक्यावर हातोडीचा एक टोला मारला. टण्ण! पुली सुटली. अडलेल्या वस्तूंमधल्या कितीतरी अशाच असतात : कुठंतरी एक स्क्रू, एक पिन, एक सर्क्लिप (खाचेत बसणारी स्प्रिंगची कडी) मळाखाली लपलेली असते आणि आपण भांडत बसतो गंजाशी. उलट्या आट्यांचीही तीच गत. सायकलचं डावं पायडल, बाकावरच्या ग्राइंडरची डावी बाजू. इथं नेहमीच्या दिशेनं ‘सोडवणारा’ माणूस ते घामाघूम होऊन आवळत असतो.

तेलानं भागलं नाही तर विस्तव. आता कोणी म्हणेल, वैशाखात आमच्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो, टिनाखाली पाना हातात धरवत नाही, मग नट आपोआप ढिला का होत नाही? कारण ऊन दोघांनाही सारखंच लागतं. नट आणि बोल्ट बरोबरीनं फुगतात, फरक पडत नाही. नट तापला पाहिजे आणि बोल्ट थंड राहिला पाहिजे. वीस मिलिमीटरचं पोलादी भोक तीनशे अंशांनी तापवलं तर ०.०७ मिलिमीटर मोठं होतं. केसाएवढी फट, पण तेवढ्यानं गंजाची पकड सुटते. त्याच वेळी तापल्या नटाला मेणबत्ती टेकवायची. मेण वितळून आट्यांत ओढलं जातं.

बाबाजींना हे आकडे कशाला हवेत? लाकडी चाकाला धाव, म्हणजे बाहेरची लोखंडी कडी, चढवताना ते शेणाच्या गोवऱ्यांची आग करायचे. चार फुटी धाव पाचशे अंशांनी तापली तर तिचा व्यास सातेक मिलिमीटर वाढतो. सांडशीनं उचलून ती चाकावर बसवायची की वरून पाण्याच्या बादल्या. धाव आवळते आणि चाकाचे सगळे सांधे करकचून बसतात. माझ्या गॅसच्या टॉर्चकडे ते जरा दयेनंच बघतात. (टॉर्च पेटवायच्या आधी मी डिझेल पुसून घेतो आणि मशीन कुटाराच्या ढिगापासून लांब ओढतो.)

पण सगळ्यात गंमत येते ती ट्रॅक्टरच्या स्टार्टरच्या झाकणातलं पितळी बुश (दांडा ज्यात फिरतो ती छोटी नळी) काढताना. भोक पलीकडून बंद, त्यामुळे मागून ठोकता येत नाही. पुढून धरायलाही काही नाही. अशा वेळी बुशच्या भोकात ग्रीस ठासून भरायचं, त्यात अगदी बेताची बसणारी गुळगुळीत सळी घालायची आणि वरून हातोडी. ग्रीसला बाहेर यायला वाट नसते, ते दाबलंही जात नाही. दाब सगळीकडे सारखा पसरतो, बुशच्या खालच्या कडेवरही पडतो, आणि बुश सळीच्या अंगावरून वर सरकू लागतं. पास्कलचा नियम पोरं शाळेत पाठ करतात, पण तो ‘पचक’ आवाजासकट डोळ्यांनी पाहिला नसतो. सळी ढिली असली तर मात्र ग्रीस तोंडावर उडतं, आणि पोरांना तेही बघायचं असतं.

बुश निघालं, भोक पुसलं, नवं बुश तेल लावून अलगद बसवलं. शेजारचा पोरगा झाकण हातात घेऊन फिरवून फिरवून बघत होता.

“काका, हे आता कधी जाम होईन?”