बारदान

तिसरा रोजा, रात्र

तरावीह, म्हणजे रमजानातली रात्रीची जादा नमाज, आटोपून घरी यायला साडेदहा वाजले. आज कुरआनाच्या तीस भागांपैकी तिसरा पारा झाला आणि त्यात सूरह बकरा हा अध्यायही संपला. इमामसाहेब पढत असताना मागच्या सफेत, म्हणजे रांगेत, उभ्या असलेल्या माझ्यासारख्याच्या कानाला अरबीतला एखादाच ओळखीचा शब्द लागतो आणि बाकीचे सगळे स्वरासारखे वाहून जाते. आज 'दैन' हा शब्द लागला. दैन म्हणजे उधारी. निपाणीत किराणा-भुसाराचे दुकान चालवणाऱ्या माणसाला नमाजेतही उधारीच ऐकू यावी, याचे हसू आले आणि थोडी लाजही वाटली. जेवणानंतर मराठी अनुवाद काढून बसलो.

कुरआनात 114 सूरह आहेत. त्यांतली सर्वांत मोठी बकरा, 286 आयतींची (वचनांची), आणि संपूर्ण कुरआनातली सर्वांत लांब आयत याच सूरहमध्ये 282 व्या क्रमांकावर आहे. ती उधारी कशी लिहावी याविषयी आहे, हे मी ऐकून होतो. परंतु सलग, सावकाश अशी ती आजवर वाचली नव्हती. मुदतीचा व्यवहार असेल तर तो लिहून ठेवा. लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे. रक्कम लहान असो वा मोठी, मुदतीसह लिहिण्याचा कंटाळा करू नका. दोन साक्षीदार घ्या. आणि लिहिणाऱ्याला किंवा साक्षीदाराला त्रास देऊ नका. रोखीचा हातोहात व्यवहार असेल तर न लिहिण्याची मुभाही दिली आहे, म्हणजे ज्याला दुकानदारी ठाऊक आहे त्याच्याशीच हे बोलणे चालले आहे. मी थांबलो ते एका वाक्यापाशी. मजकूर कोणी सांगायचा? ज्याच्यावर देणे आहे, त्याने. त्याला सांगता येत नसेल, तो अजाण किंवा दुबळा असेल, तर त्याच्या पालकाने न्यायाने सांगावे. उधार देणाऱ्याने सांगावे असे कुठेही म्हटलेले नाही.

माझ्या दुकानात याच्या बरोबर उलट घडते. वही माझी, पेन माझे, आकडा माझा. समोरची बाई पिशवी काखेत धरून मान हलवते आणि निघून जाते. वीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकाने 'काय लिहिलंत ते वाचून दाखवा' असे म्हटलेले मला आठवत नाही. मी याला आजवर विश्वास म्हणत आलो. त्यातला बराचसा भाग अक्षरओळख नसण्याचा होता, हे मला कळत नव्हते असे म्हणता येणार नाही.

आणखी एक गोष्ट आज प्रथमच दिसली. 280 व्या आयतीत सांगितले आहे की ऋणको अडचणीत असेल तर त्याला सवड मिळेपर्यंत मुदत द्यावी, आणि सोडून दिलेत तर ते तुमच्यासाठी अधिक चांगले. 282 वी उधारी लिहिण्याची. या दोहोंच्या मध्ये 281 वी एवढीशी आयत आहे: ज्या दिवशी तुम्ही अल्लाहकडे परत नेले जाल त्या दिवसाची भीती बाळगा, तेव्हा प्रत्येकाला त्याच्या कमाईचे पुरेपूर मिळेल आणि कोणावर अन्याय होणार नाही. मौलवी मंडळी तौहीद (अल्लाह एकच असणे), रिसालत (पैगंबरी) आणि आखिरत (मृत्यूनंतरचा हिशेब) हे कुरआनाचे तीन मुख्य विषय सांगतात, आणि माझ्या मनात आखिरत म्हणजे कुठेतरी फार दूरची, आग आणि बागा असलेली गोष्ट होती. इथे ती वसुलीचे पान आणि उधारीचे पान यांच्यामध्ये ठेवलेली आहे, जणू खतावणीत कोणी खूण म्हणून दोरा घालून ठेवावा. फातिहा या पहिल्या सूरहमधला 'यौमिद्दीन' (न्यायाचा दिवस) यातला 'दीन' आणि हा 'दैन' एकाच धातूचे शब्द आहेत. दिवसाच्या सतरा फर्ज रकातींत, म्हणजे नमाजेच्या सक्तीच्या आवर्तनांत, सतरा वेळा मी तो दिवस तोंडाने उच्चारतो, आणि तरीही तो शब्द माझ्या वहीच्या इतका जवळचा असेल असे कधी वाटले नव्हते.

पाचवा रोजा

अम्मीला आज अनुवाद वाचून दाखवला. तिला सूरह मुतफ्फिफीन ऐकवायची होती, आणि त्यामागे जुने कारण होते.

लहानपणी मक्तबात, म्हणजे मुलांच्या कुरआन-शाळेत, शेवटचा पारा पाठ करून घेत. घरी मी तो अम्मीपुढे बसून घोकत असे आणि तिच्या मांडीवर सूप असे. रात्री ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलेले तेंदूपान ती सकाळी उलगडायची, त्यावर पत्रा ठेवून कात्रीने कापायची, चिमूटभर जर्दा घालून वळायची आणि दोऱ्याने बांधून पंचवीस-पंचवीसच्या जुड्या लावायची. निपाणीत ज्या घरात सूप नाही असे घर आमच्या गल्लीत नव्हते. हजार विड्यांसाठी म्हणून जे पान तोलून मिळे, त्यात फाटके, किडके, डागाळलेले निघे आणि हजार काही भरत नसत. उरलेले पान बाजारातून स्वतःच्या पैशाने आणायचे. संध्याकाळी माल घेऊन गेल्यावर छाट. चार जुड्या बाजूला काढल्या जात, 'बांधणी ढिली' म्हणून. मोडून टाकल्या जात की विकल्या जात, हे विचारायची सोय नव्हती. पान देताना काटा एका बाजूला झुके आणि विडी घेताना दुसऱ्या बाजूला.

मी तिच्यापुढे 'वैलुल्लिल मुतफ्फिफीन' म्हणत होतो आणि ती पान मोजत होती, आणि त्या अरबी ओळींचा अर्थ आम्हा दोघांपैकी एकालाही ठाऊक नव्हता. अर्थ असा: मापात मारणाऱ्यांचा सत्यानाश असो, जे लोकांकडून घेताना पुरेपूर मापून घेतात आणि लोकांना मापून किंवा तोलून देताना घट देतात. या सूरहचे नावच त्या लोकांवरून पडले आहे. तिच्या 36 आयती आहेत. मक्केत उतरली की मदिनेत याविषयी भाष्यकारांत मतभेद आहेत, आणि मदिनेतले लोक मापाच्या बाबतीत फार वाईट होते, ही सूरह आल्यावर सुधारले, अशी एक परंपराही सांगितली जाते.

अम्मीने वाती वळल्यासारखी बोटे हलवत ऐकले. तिची बोटे आता रिकामीच वळत असतात. मग म्हणाली, "म्हंजे पान कमी घालायची चाल तवाबी हुती म्हन की."

मी हो म्हटले. थोड्या वेळाने तिने विचारले, "आन तू रं? तू काय घालतोस?"

सहावा रोजा

रात्रभर त्या प्रश्नाने झोप लागली नाही, असे लिहिले तर ते खोटे ठरेल. झोप लागली, सहरीलाही वेळेवर उठलो. प्रश्न आला तो दुपारी, घाऊक पेठेत.

साखरेची आणि डाळीची पोती घेताना मी बारदान वजा केल्याशिवाय वजन मान्य करत नाही. आजही नेहमीप्रमाणे हुज्जत घातली, रिकामे पोते काट्यावर टाकायला लावले आणि पोत्यागणिक बारदान कापून घेतले. त्यात गैर काही नाही. मी पैसे साखरेचे मोजतो, तागाचे नव्हे. परंतु दुकानात येऊन पाव किलोची पुडी बांधायला घेतली आणि हात थांबला. कागदी पिशवी काट्यावर ठेवायची, तिच्यात साखर ओतायची, आकडा 250 वर आला की चिमटीत धरून उतरवायची, हे मी हजारो वेळा केले आहे. रिकामी पिशवी एकटी ठेवून पाहिली: चार ग्रॅम. म्हणजे घेताना बारदान कापून आणि देताना बारदानासकट. शब्दाला शब्द तीच दुसरी आणि तिसरी आयत.

हिशेब केला. लहानमोठ्या मिळून दिवसाला दीडशे पुड्या जातात असे धरले तर 600 ग्रॅम, महिन्याला 18 किलो. वजनमाप खात्याचा शिक्का माझ्या काट्यावर आहे, काटा खरा आहे, मी दांडी मारत नाही, पासंग ठेवत नाही, म्हणून मी स्वतःला मापातला चोख माणूस समजत होतो. खोटे वजन न वापरताही घट देता येते, हे शिकायला मला माझ्याच दुकानातली पिशवी लागली. वडिलांच्या काळी तागडी होती, आणि तेल द्यायच्या आधी ते गिऱ्हाइकाच्या बाटलीचा धडा करून घेत; दुसऱ्या पारड्यात खडे घालून दोन्ही पारडी समान होईपर्यंत थांबत. इलेक्ट्रॉनिक काट्यावर त्याच कामासाठी एक बटण आहे. ते माझ्या काट्यावर धूळ खात होते.

सूरह हूदमध्ये शुऐब पैगंबरांची हकिकत आहे. मदयनच्या लोकांना ते मुख्यतः दोन गोष्टी सांगतात: एका अल्लाहची उपासना करा, आणि माप व वजन न्यायाने पुरे द्या. लोकांचे उत्तर मला फार खरे वाटते. ते म्हणतात, तुझी नमाज तुला हे शिकवते काय की आमच्या बापजाद्यांनी पुजलेले आम्ही सोडावे, आणि आमच्या मालाचे आम्हाला हवे ते करू नये? नमाज मशिदीत असावी आणि माल दुकानात असावा, दोघांनी एकमेकांकडे पाहू नये, ही मदयनवाल्यांची मागणी होती. ती माझीही आहे. फरक इतकाच की मी ती मोठ्याने बोलत नाही. तौहीद हा विषय मला व्याख्यानांत कधी नीट कळला नाही. मशिदीत एकाला मानायचे आणि गल्ल्यावर दुसऱ्याला, असे चालत नाही, एवढा त्याचा अर्थ मला या प्रसंगातून लागला. विद्वान याहून खोल सांगतील. त्यांना माझी हरकत नाही.

संध्याकाळपासून बटण दाबून पुड्या बांधल्या. दुकानातला मुलगा दोनदा म्हणाला, "भाई, शून्य कशाला करताय? जास्त जातंय की." तिसऱ्यांदा त्याने विचारले नाही, पण पुडी बांधताना नाराजीने दोरा जोरात ओढला.

नववा रोजा

आज थोडक्यात लिहितो. विडी वळणाऱ्या एका मावशीची बाकी 3,460 रुपये झाली आहे. गेल्या महिन्यात चार गिऱ्हाइकांसमोर मी ती आकड्यासह मोठ्याने सांगितली होती आणि तेव्हापासून ती पलीकडच्या दुकानात रोखीने घेते, जिथे तिला महाग पडते. आज तिच्या घरी गेलो. वही उघडून ठेवली आणि काय काय नेले, किती दिले, हे तिलाच सांगायला लावले. ती सांगत गेली, मी लिहीत गेलो. तिचा आकडा माझ्यापेक्षा 90 रुपयांनी जास्त निघाला. मी लिहायचे विसरलेले खोबरेल तिच्या लक्षात होते.

वहीची दुसरी प्रत तिच्याकडे ठेवायची ठरवली. तेव्हा अडचण निघाली की तिचा नातू कानडी शाळेत जातो आणि त्याला माझे मराठी अक्षर लागत नाही. तो शेजारी बसला आणि प्रत्येक जिनसेपुढे कानडीत लिहीत गेला. साखरेपुढे सक्करे, मिठापुढे उप्पु. सूरह रूममध्ये तुमच्या भाषा आणि तुमचे वर्ण यांतली भिन्नता ही अल्लाहच्या निशाण्यांपैकी एक म्हटली आहे. आमच्या सीमाभागात 1956 पासून त्याच निशाणीवरून पाट्या रंगतात आणि पुसल्या जातात. मुलाने मात्र अर्ध्या तासात दोन्ही भाषांचे रकाने आखून दिले.

मुदत दिवाळीपर्यंतची लिहिली. साक्षीदार म्हणून तिने शेजारणीला हाक मारली.

अकरावा रोजा

जकातीचा, म्हणजे धर्माने सक्तीच्या केलेल्या वार्षिक दानाचा, हिशेब सुरू केला. माल, रोकड आणि येणे मिळून अडीच टक्के. जी उधारी आता येणारच नाही असे मनाने ठरवले आहे, ती माफ करून जकातीत धरावी, हा मोह मला दरवर्षी होतो आणि या वर्षी तर 280 व्या आयतीचा आधारही हाताशी होता. मौलवीसाहेबांना विचारले. ते हसले आणि म्हणाले की बहुतेक फुकहांच्या, म्हणजे धर्मशास्त्र्यांच्या, मते असे चालत नाही. जकात हातातून हातात जावी लागते. माफ करणे हा सदका, म्हणजे स्वेच्छेचे दान, आहे, तो वेगळा आणि करावाच. बुडालेल्या पैशाने जकात फेडायची सोय धर्माने ठेवलेली नाही. मी आणखी दोन प्रश्न तयार ठेवले होते, ते विचारले नाहीत.

बारावा रोजा

गुळाचे अजून ठरत नाही. ढेप घेताना जे वजन असते ते उन्हाळ्यात फोडून विकेपर्यंत राहत नाही. ढेपेमागे थोडे सुकते, थोडे सुरीला आणि गोणपाटाला लागते. ही तूट मी आजवर पुडीत मुरवत आलो. आता पुडी पुरी द्यायची म्हटली तर तूट भावात धरावी लागेल, आणि भाव वाढवला तर पाटी बाहेर लावावी लागेल. दुकानातल्या मुलाचे म्हणणे आहे की भाव दोन रुपयांनी वाढलेला लोकांना दिसतो, चार ग्रॅम दिसत नाहीत. त्याचे खरे आहे. उद्या सकाळी दुकान उघडल्यावर खडू घेऊन पाटीपाशी उभे राहायचे आहे.